डिकीतला डबा

वरळीच्या बीडीडी चाळी बांधल्या गेल्या १९२० च्या दशकात. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटचे हे काम. एकट्या वरळीत १२१ इमारती, प्रत्येक तीन मजली, आणि खोली १६० चौरस फुटांची. इथला भाडेकरू पुढे मोटार बाळगेल, असे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसणार. आमच्या लहानपणी दोन चाळींच्या मधल्या रस्त्यावर ज्या गाड्या उभ्या असत, त्या बहुतेक टॅक्सी.

आमच्या मजल्यावरच्या एका काकांची प्रीमियर पद्मिनी होती. रविवारी ते डिकी उघडत आणि आतला सगळा संसार खाली मांडत. जॅक, पाना, पाण्याचा कॅन, दोरखंड, जुने प्लग, फॅनबेल्ट आणि अंगाच्या साबणाची अर्धी वडी. साबण कशाला, असे आम्ही विचारायचो. पेट्रोलच्या टाकीला बारीक गळती लागली तर तिथे साबण दाबून बसवायचा, म्हणजे गाडी गॅरेजपर्यंत येते! फडक्याचाही असाच उपयोग. मे महिन्यात इंजिनाशेजारचा पेट्रोल पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे थांबायचे. पाण्याचा कॅन घाटासाठी. जुन्या पुणे रस्त्याने जाताना खंडाळ्याच्या चढावर बॉनेट उघडून थांबलेल्या गाड्यांची रांग अनेकांना आठवत असेल.

यातला सर्वांत जुना मानकरी म्हणजे स्टेपनी. सुरुवातीच्या मोटारींबरोबर जादा चाक मिळतच नसे. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेली गावी डेव्हिस बंधूंनी हवा भरलेल्या टायरची एक धाव तयार केली. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाहेरून अडकवायची आणि पुढे निघायचे. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून नाव स्टेपनी. ती धाव कधीच इतिहासजमा झाली. नाव आपल्याकडे उरले.

हा सगळा सरंजाम गाडीसाठी होता. गाडी चालू राहिली की माणूस घरी पोचणारच, असा त्यामागचा हिशेब. २६ जुलै २००५ रोजी तो चुकला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला फक्त ७३. वरळीत बसून उपनगरांत काय चालले आहे याची कल्पना येत नव्हती. काका सकाळी भाडे घेऊन कुर्ल्याकडे गेले होते, ते दुसऱ्या दिवशी दुपारी चालत परत आले. गाडीत पाणी शिरू लागल्यावर त्यांनी हाताने काच खाली केली आणि खिडकीतून बाहेर पडले. त्याच दिवशी शहरात काही जण बंद मोटारीत गुदमरून गेले. विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलपे पाण्यात निकामी झाली होती. शिवाय बाहेर पाणी चढले की त्याच्या दाबाने दार ढकलले जात नाही.

त्यानंतर मुंबईत गाडीत छोटी हातोडी ठेवण्याची पद्धत पडली. काकांनीही घेतली आणि सवयीने डिकीत टाकली. काकू म्हणाल्या, ‘‘अहो, आत अडकल्यावर मागे डिकीत कोण जाणार?’’ खरेच, पन्नास वर्षांच्या सवयीत हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी आली, आणि तिच्याबरोबर बॅटरी, पिण्याचे पाणी, बिस्किटांचा पुडाही पुढे आला. जाता जाता सांगतो, फटका बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायचा. समोरच्या काचेच्या दोन थरांत चिवट पडदा असतो. ती तडकते, पण सहसा वाट देत नाही.

वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींचा काळ संपला. काकांची त्याआधीच भंगारात गेली होती. मुलाने अलीकडे नवी गाडी घेतली. काकांनी आधी डिकी उघडायला लावली. आत चाक नव्हते. हवा भरायचा लहान पंप आणि पंक्चर बुजवायच्या द्रावणाची बाटली होती. सरकारने २०२० मध्ये नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा आणि असा दुरुस्ती संच असला, तर छोट्या मोटारीला स्टेपनीची सक्ती नाही. मुलाने हे सगळे नीट समजावून सांगितले. काकांनी ऐकून घेतले, घरात गेले आणि साबणाची वडी घेऊन आले.