मासा कसा नाही आला?

रविवार, 20 नोव्हेंबर 1983. आम्ही तेव्हा कॅन्सस सिटीच्या एका उपनगरात राहत होतो. थंडी पडू लागली होती, आई पहिल्यांदाच वाईहून अमेरिकेत आली होती, आणि त्या रात्री ए.बी.सी. वाहिनीवर ‘द डे आफ्टर’ दाखवणार म्हणून गावात दुसरा विषय नव्हता. कारण उघड होतं. चित्रपटात अणुबाँब पडणार होते ते आमच्याच गावावर! चार मराठी कुटुंबं आमच्याकडे जमली. पिठलं-भात झाला, मुलांना आतल्या खोलीत झोपवलं आणि मोठी माणसं टी.व्ही.समोर बसली.

हल्ल्याचं दृश्य सुरू झाल्यापासून एकही जाहिरात लागली नाही. शेवटी मरणाच्या दारातला एक डॉक्टर आपल्या घराच्या राखेत येऊन कोसळतो, तिथं आसऱ्याला आलेला अनोळखी माणूस त्याला कवटाळतो, पडदा काळा होतो, आणि रेडिओवरून एक आवाज विचारत राहतो, कुणी आहे का? उत्तर येत नाही.

आईला इंग्रजी फारसं कळत नसे. तिनं विचारलं, “पुढं काय झालं?”

“संपला, आई.”

“असा कसा संपेल? आणि ह्यांना आधी सांगायला मासा कसा नाही आला रे?”

सगळे हसले. मी मात्र पुढची कित्येक वर्षं तो प्रश्न मनात घोळवत राहिलो.

आईच्या डोळ्यांपुढे मत्स्यावतार होता. त्या कथेचं जुनं रूप शतपथ ब्राह्मणात आहे. मनू सकाळी हात धुताना ओंजळीत इवलासा मासा येतो. ‘मला वाचव, मी तुला वाचवीन,’ असं सांगतो. मनू त्याला आधी घागरीत, मग खड्ड्यात वाढवून समुद्रात सोडतो आणि त्याच्या सांगण्यावरून नाव बांधतो. पूर येतो, माशाच्या शिंगाला दोर बांधून नाव उत्तरेच्या पर्वताला लागते. मनू एकटा उरतो. पण त्यानं पाण्यात अर्पिलेल्या तुपा-दह्यातून वर्षभरानं इडा प्रकटते आणि प्रजा पुन्हा सुरू होते. गिल्गमेशच्या महाकाव्यातही ईआ देव बोरूच्या भिंतीआडून प्रलयाची सूचना देतो, बायबलात नोहाला खुद्द परमेश्वर सांगतो. म्हणजे या कथांचा शेवट गोड होतो, त्याची तयारी आरंभीच झालेली असते. कुणीतरी सावध करतं, कुणीतरी ऐकतं आणि कामाला लागतं.

हा सावध करणारा कथेतून गेला कधी? मेरी शेली यांची ‘द लास्ट मॅन’ ही कादंबरी 1826 सालची. लेखिकेची तीन मुलं गेलेली, नवरा 1822 साली समुद्रात बुडालेला. कादंबरीत साथीच्या रोगानं मानवजात संपते आणि रोमहून एकच माणूस निघतो. विशेष म्हणजे इथंही नाव आहे! पण तीत बियाणं नाही, फक्त एक कुत्रा आणि थोडी पुस्तकं. समीक्षकांनी कादंबरीला झोडपलं, ती विस्मृतीत गेली आणि पुन्हा छापली गेली ती 1965 साली.

तोवर हिरोशिमा घडून गेलं होतं. आता प्रलय आणणारा ना देव होता, ना रोग. तो माणूसच होता. नेव्हिल शूट यांच्या 1957 सालच्या ‘ऑन द बीच’मध्ये ऑस्ट्रेलियातली माणसं किरणोत्सर्ग दक्षिणेकडे सरकण्याची वाट बघतात. मनूच्या नावेच्या जागी इथं पाणबुडी आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यावरून रेडिओचे संकेत येतात म्हणून ती आशेनं तिकडे जाते. 1959च्या चित्रपटात तर असं दिसतं की, वाऱ्यानं हलणारी एक रिकामी बाटली तारायंत्राची कळ दाबत होती. बी.बी.सी.नं 1984 साली दाखवलेल्या ‘थ्रेड्स’मध्ये शेफील्ड शहराची तेरा वर्षांची दैना आहे. अखेर एका कोवळ्या मुलीला मूल होतं, ती त्याच्याकडे पाहते, किंचाळायला तोंड उघडते, आणि तिथंच चित्र थांबतं. आमच्या अमेरिकन चित्रपटात निदान परक्याची मिठी होती. इथं तीही नाही.

आमच्यातला एक मित्र त्या रात्री चिडून म्हणाला होता, “लोकांना असं घाबरवून काय मिळतं? हताश माणूस काही करत नाही.” त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण गोड शेवटालाही किंमत असते. मनूची कथा ऐकताना आपण प्रत्येक जण स्वतःला नावेतच बसवतो. बुडालेल्यांत आपण असू, असं कुणाला वाटत नाही. ‘थ्रेड्स’ ही सोय ठेवत नाही.

राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ‘द डे आफ्टर’ प्रक्षेपणाआधीच, ऑक्टोबरात पाहिला आणि मन फार खिन्न झाल्याची नोंद डायरीत केली. 8 डिसेंबर 1987 रोजी त्यांनी आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर बंदी घालणारा करार केला. एका चित्रपटामुळे हे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. गोर्बाचेव्ह नसते तर करार कुठला? पण पाहणाऱ्यांत तोही एक माणूस होता, ज्याच्या हाती काही करणं होतं. पुढं 1990च्या दशकात आमच्या शेजारच्या मिसुरी राज्यातली मिनिटमन क्षेपणास्त्रांची दीडशे भुयारं निकामी करण्यात आली. तो 1987चा करार मात्र 2019 साली मोडीत निघाला.

आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या प्रश्नाला तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज वाटतं, मासा आला होता; आम्ही दोन तास त्याचंच बोलणं ऐकत होतो. नाव बांधणाऱ्या मनूची गोष्ट सांगायला शेवट गोड हवा, पण नाव अजून बांधायची आहे असं ज्याला सांगायचंय, त्यानं शेवट गोड करून चालत नाही. आईला कहाणी सुफळ संपूर्ण हवी होती. ते काम चित्रपटानं आमच्यावर सोडलं होतं, आणि आम्ही चहा करून आपापल्या घरी गेलो.