पोर्टल आपल्या परतूरमध्ये उघडतं

हेडफोन लावलेत ना? चला मग.

आज पोर्टलबद्दल बोलू. म्हणजे आपल्या पृथ्वीवरून दुसऱ्याच जगात नेणारं दार. नार्नियात ते कपाटात असतं, हॅरी पॉटरमध्ये पावणेदहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर. ही सगळी दारं इंग्लंडमध्येच का उघडतात, असा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा. आपल्याकडे एखादं दार नाहीच का?

आहे. मराठीत आहे, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या जालना जिल्ह्यात येतो.

जयंत नारळीकर तुम्हाला खगोलशास्त्रज्ञ म्हणून माहीत असतील. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही 'नारायण विनायक जगताप' या खोट्या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं!

त्यांचीच एक कथा म्हणजे 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तुमच्यापैकी काहींनी तिचं इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात, 'द ॲडव्हेंचर' या नावाने वाचलंही असेल. गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक. पानिपत मराठ्यांनी जिंकलं असतं तर काय झालं असतं, या विचारात ते रस्त्याने चाललेले असतात आणि एका ट्रकची धडक बसते. तेच पोर्टल! शुद्धीवर येतात ते दुसऱ्याच भारतात.

आता खरी गंमत पुढे आहे. नारळीकरांनी त्या जगात बदल किती केला? फक्त एक. विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निसटते. बास! मग त्या एका बदलाचं बोट धरून ते दोनशे वर्षं पुढे चालत जातात. मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मला हे गिटच्या ब्रँचसारखं वाटतं. एक ओळ बदलली, तिथून फांदी फुटली आणि पुढचं सगळं त्या ओळीशी इमान राखून लिहिलं.

मग जग कसं तयार झालं? तिथे देश गुलाम झालेला नाही, पण मुंबईत मात्र ईस्ट इंडिया कंपनी अजून आहे, भाडेकरारावर. डब्यांवर युनियन जॅक रंगवलेल्या आगगाड्या धावतायत. पेशव्यांची सत्ता हळूहळू मागे पडून लोकांनी निवडलेली सरकारं आलीत. दिल्लीचा बादशहाही शिल्लक आहे, पण नावापुरता, संसद सांगेल तिथे शिक्का मारणारा. मराठे, मुघल, इंग्रज, सगळेच त्या जगात एकमेकांना सांभाळून राहतायत.

व्हॉट्सॲपवर 'आपण जिंकलो असतो तर' छापाचे फॉरवर्ड येतात ना, त्यात फक्त आपणच उरतो, बाकी सगळे गायब. नारळीकरांचं जग तसं नाही, आणि म्हणूनच ते खरं वाटतं. तिथे सभेला अध्यक्ष बसवायची पद्धतही लोकांनी मोडीत काढलीय. आझाद मैदानावर रिकामी खुर्ची बघून आपले पंत सवयीने तिच्यावर जाऊन बसतात आणि टोमॅटो-अंडी खातात! तेवढ्यात ते परत आपल्या जगात येतात. खिशात असतो त्या जगातल्या बखरीच्या पानाचा तुकडा.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. जालन्याहून रेल्वेने परभणीकडे निघालात की वाटेत परतूर स्टेशन लागतं. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. त्याच सुमारास उत्तरेतून बातमी आली की बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. अब्दालीला अडवायला कोणी जायचं? ही मसलत झाली परतूरच्या मुक्कामी. नानासाहेब पेशवे, रघुनाथराव, भाऊ, सगळे तिथे जमले होते.

रघुनाथरावांना उत्तरेचा अनुभव होता, पण त्यांच्या मागच्या मोहिमेने तिजोरीवर कर्जाचा बोजा टाकला होता. भाऊ उदगीर जिंकून आलेले, पण उत्तर त्यांना नवी. ठरलं की भाऊंनी जायचं, सोबत नानासाहेबांचा थोरला मुलगा विश्वासराव. मार्चमध्ये फौज निघाली. निजामाची नोकरी सोडून आलेला इब्राहिमखान गारदी तोफखाना आणि कवायती पायदळ घेऊन सोबत होता. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर गोळी लागली आणि त्याच जूनमध्ये नानासाहेबही गेले.

म्हणजे बघा, नारळीकरांनी फांदी गोळीपाशी फोडली, पण ती परतूरपाशीही फुटू शकते. तिथे दुसरं नाव निघालं असतं तर? विश्वासराव मागेच राहिले असते तर? उत्तर कोणालाच ठाऊक नाही, आणि गोष्टीला तेवढी जागा पुरते.

आपल्याला वाटतं, इतिहास पुण्यात आणि दिल्लीत घडला, आपण नुसते गाडी बदलणारे प्रवासी. पण एका बापाने पोराला मोहिमेवर पाठवायचा निर्णय आपल्या गावात घेतला. तो घेताना त्याला शेवट माहीत नव्हता, आपल्याला माहीत आहे. त्या रात्री परतूरच्या तंबूत बसून विचार करा, दार तिथेच आहे.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. आपल्या गावातला एक खरा निर्णय शोधा, त्यातली एकच गोष्ट बदला आणि पुढचं प्रामाणिकपणे लिहा. शत्रूलाही त्यात जागा ठेवा आणि आपल्याला न आवडणारे परिणामही गाळू नका. लिहिलंत की मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!