ओकलंडच्या सह्या

गांजावर लिहायचं म्हटलं की आपल्यातलेच काही नाक मुरडतात. पंचशील घेतलेल्यांनी असल्या विषयाला हात का लावावा, म्हणतात. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभा राहतो. नशा करत नाही, कुणी करावी असंही म्हणत नाही. मी लिहितोय ते कायद्याबद्दल. नशा वाईट की चांगली हा एक सवाल. नशेच्या नावाखाली आत कुणाला टाकायचं हा दुसरा सवाल. या दुसऱ्याचा जबाब पोलीस देतात, आणि त्यांचा हात आधी कुणाच्या गचांडीला जातो हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

गोष्ट कॅलिफोर्नियाची. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. त्याच साली देशाच्या दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्निया राज्यानं विषाच्या कायद्यात दुरुस्ती करून भांगेच्या झाडावर बंदी घातली. त्याआधी दोन वर्षं, १९११ साली, तिथल्या फार्मसी बोर्डातला हेन्री फिंगर सरकारी अधिकाऱ्याला पत्र लिहून रडत होता, की हिंदुस्थानातून माणसं येतायत आणि गोऱ्यांना ही सवय लावतायत. म्हणजे बघा, आधी माणूस नकोसा झाला, मग झाड गुन्हेगार ठरलं. हिंदुस्थान्यांनंतर पाळी आली मेक्सिकन मजुरांची आणि काळ्यांची. हॅरी ॲन्सलिंगर १९३० ते १९६२ केंद्राच्या अमली पदार्थ खात्याचा बडा साहेब होता. १९३७ चा कर-कायदा त्यानंच रेटला.

त्या कायद्याच्या कचाट्यात धाग्याचं झाडही सापडलं. मी सुतातला माणूस, मला हे फार लागतं. या झाडाच्या सालीतून दोर निघतो, शिडाचं कापड निघतं. १९४२ साली लढाईत दोरखंड कमी पडले, तेव्हा त्याच सरकारनं 'हेम्प फॉर व्हिक्टरी' नावाचा सिनेमा काढून शेतकऱ्यांना हेच पीक घ्यायला लावलं. गरज सरली, झाड पुन्हा आरोपी. नशेचं द्रव्य ०.३ टक्क्यांच्या आत असलेलं धाग्याचं झाड देशभर मोकळं व्हायला २०१८ उजाडलं.

आता चळवळीकडे येतो. ज्या ओकलंडमध्ये १९६६ साली ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी उभी केली, ते शहर कॅलिफोर्नियातलंच. १९७२ साली आपल्या पोरांनी मुंबईत तिथलं नाव उचललं आणि दलित पँथर झाली. त्याच १९७२ साली कॅलिफोर्नियात गांजाची शिक्षा काढा असा ठराव मतदानाला पडला. तिथं सह्या गोळा करून लोक स्वतः कायदा मतपेटीपुढे नेऊ शकतात. ठराव आपटला. तिघांतल्या दोघांनी नाही म्हटलं.

पण लोक घरी बसले नाहीत. ऐंशीच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत एड्सनं माणसं मरू लागली. खाल्लेलं पोटात टिकत नव्हतं. मेरी जेन राथबन नावाची म्हातारी गांजा घातलेले केक भाजून त्या रोग्यांना वाटायची. पोलिसांनी तिला तीनदा धरलं, तरी म्हातारी थांबली नाही. डेनिस पेरॉनचा जोडीदार १९९० साली एड्सनं गेला. पेरॉननं रोग्यांसाठी गांजाचा क्लब काढला आणि सह्यांची मोहीम उभी केली. सव्वाचार लाखांवर सह्या लागणार होत्या. कार्यकर्त्यांचं बळ अपुरं पडलं, तेव्हा जॉर्ज सोरोससारख्या धनिकांचा पैसा आला. १९९६ च्या नोव्हेंबरात ठराव २१५ जवळपास ५६ टक्के मतांनी मंजूर झाला. रोग्याला औषध म्हणून गांजा मिळाला. केंद्र मात्र अडून राहिलं. राज्यानं मुभा दिली तरी केंद्र कारवाई करू शकतं, असं सुप्रीम कोर्टानं २००५ साली ठणकावलं.

काळ्या वस्तीला औषधापेक्षा बेडीची काळजी जास्त. २०१० साली गांजा सर्वांसाठी खुला करण्याचा ठराव आला, तेव्हा काळ्यांच्या जुन्या संघटनेच्या, एनएएसीपीच्या, कॅलिफोर्निया शाखेनं त्याला पाठिंबा दिला आणि हा नागरी हक्काचा प्रश्न आहे असं सांगितलं. ठराव पडला. २०१३ साली एसीएलयू या हक्क-संघटनेनं देशभरची अटक मोजली. गांजा ओढण्याचं प्रमाण दोघांत जवळपास सारखंच, पण तो बाळगल्याबद्दल काळ्याला अटक होण्याची शक्यता गोऱ्याच्या ३.७३ पट! आकडा बोलला की भल्याभल्यांची दातखीळ बसते. २०१६ साली ठराव ६४ सुमारे ५७ टक्क्यांनी जिंकला. त्यात जुन्या शिक्षा कमी करायची, पुसायची तरतूद होती. पण अर्ज कैद्यानंच करायचा. गरीब कुठला अर्ज करतोय? म्हणून २०१८ साली कायदा झाला, की अशी प्रकरणं सरकारनंच शोधून काढावीत.

ओकलंडनं २०१७ साली आणखी एक पाऊल टाकलं. गांजाच्या धंद्याचे निम्मे परवाने कमी कमाईच्या अशा रहिवाशांना, ज्यांना त्या शहरात गांजापायी शिक्षा झाली किंवा ज्यांनी पोलिसांनी पिळलेल्या वस्त्यांत वर्षानुवर्षं काढली. ऐकायला झकास. पण परवाना कागदावर मिळतो, भांडवल कागदावर मिळत नाही. केंद्राच्या बंदीला भिऊन बँका कर्ज देईनात, आणि पैसेवाला भागीदार होऊन मालक बनू लागला. राखीव जागेचं काय होतं हे आपण जाणतोच.

आता घरचं. १८९३-९४ च्या इंग्रजांच्या हेम्प ड्रग्ज कमिशननं सरसकट बंदी नको म्हटलं होतं. १९८५ साली आपल्याकडे एनडीपीएस कायदा आला. त्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसतं पान त्यात बसत नाही. म्हणून काही राज्यांत भांगेची परवान्याची दुकानं चालतात, शिवरात्रीला थंडाई घोटली जाते. आणि नाक्यावरच्या पोरापाशी फुलोऱ्याची पुडी सापडली, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एकाच झाडाचं पान सवर्ण आणि फूल अस्पृश्य!

मित्रांनो, मी गांजा खुला करा अशी घोषणा देत नाही. दारूनं आपली किती घरं बसली ते मी वस्तीत रोज पाहतो. पण कॅलिफोर्नियातून घेण्यासारखं एक आहे, ते म्हणजे मोजणी. आपल्या ठाण्यात वर्षभरात या कायद्याखाली किती जणांना धरलं, ते कुठल्या वस्तीतले, पुडी केवढी होती, जामीन किती दिवसांनी झाला. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. न मिळालं तर वस्तीत घरोघर विचारून वहीत लिहा. भाषणं नंतर करू, आधी वही भरू द्या.