लायसन्स आहे, पण गाडी काढायचा धीर होत नाही! मोठेपणी ड्रायव्हिंग शिकणाऱ्यांचं घोडं नेमकं कुठे अडतं?

घरात गाडी आहे, पाकिटात लायसन्स आहे. तरीही रात्री मुलाला ताप भरला की शेजाऱ्यांची बेल वाजवायची, नाहीतर पावसात रिक्षा शोधायची. तिशी-चाळिशीत ड्रायव्हिंग शिकलेल्या कितीतरी जणांची ही गत असते. घरातली गाडी कायम दुसराच कुणी चालवत असेल, तर जास्तच.

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "भीती वाटते." त्यावर घरचे म्हणतात, "त्यात घाबरायचं काय?" आणि विषय तिथेच संपतो. पण ही भीती दरवेळी मनाचा खेळ नसते. पुष्कळदा ती अगदी रास्त असते, कारण गाडी खरोखरच अर्धवट शिकून झालेली असते.

क्लासच्या गाडीत क्लच नक्की कोण दाबत होतं?

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही पेडल असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार शिकवण्याच्या गाडीला अशी दुहेरी नियंत्रणाची सोय असावीच लागते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

घोळ पुढे होतो. सिग्नल सुटतो, मागे बस उभी असते, शिकणाऱ्याचा पाय थरथरतो. अशा वेळी गाडी बंद पडू नये म्हणून सर आपल्या बाजूने क्लच सांभाळून घेतात. पुढे कुणी आडवा आला की ब्रेकही तेच दाबतात. शिकणाऱ्याच्या हातात उरतं फक्त स्टिअरिंग. आठवड्याभरात त्याला वाटतं, जमलं आपल्याला! पंधरा-वीस दिवसांनी क्लास संपतो. मग घरची गाडी सोसायटीच्या गेटमधून काढताना ती तीनदा बंद पडते आणि आत्मविश्वास तिथेच संपतो.

याच नियमांनुसार खासगी वाहन शिकणाऱ्याने प्रत्यक्ष किमान १० तास गाडी चालवलेली असली पाहिजे. एका गाडीत तिघं-चौघं बसून आळीपाळीने चालवत असतील, तर आपल्या वाट्याला प्रत्यक्ष किती मिनिटं आली हे वहीत लिहून ठेवलेलं बरं. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी वेगळे नियम आणले. तिथे हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे आणि त्यातले २१ तास प्रात्यक्षिकाचे. तिथे उत्तीर्ण होणाऱ्याला आरटीओची चाचणी द्यावी लागत नाही. अशी केंद्रं गावोगावी नाहीत, पण या आकड्यांवरून दहा तास किती अपुरे आहेत ते कळतं.

म्हणून क्लासला पैसे भरतानाच एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्यावी. शेवटचे चार-पाच दिवस सरांनी आपले पाय पेडलवरून काढून ठेवायचे, आणीबाणीची वेळ सोडली तर. गाडी बंद पडू दे. ती पाच-पन्नास वेळा बंद पडायलाच हवी, आणि शेजारी जाणकार माणूस असताना पडलेली केव्हाही चांगली.

सगळं गाडं क्लचपाशी

इंजिन सुरू असतं तोवर फिरतच असतं. चाकं मात्र उभी असतात. फिरणारी वस्तू आणि उभी वस्तू एकदम जोडली तर हिसका बसणारच. हा जोड हळूहळू बसावा म्हणून क्लच असतो. पेडल पूर्ण दाबलं की इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो, पूर्ण सोडलं की जुळतो. मधे एक टप्पा असा येतो, जिथे क्लच प्लेट घासत घासत पकड घेते. यालाच सगळे 'हाफ क्लच' म्हणतात.

हा टप्पा ओळखायला डोळे लागत नाहीत. इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, गाडीत बारीक थरथर जाणवते आणि ती पुढे सरकू बघते. नवखा माणूस नेमका याच क्षणी घाबरतो आणि पाय उचलून मोकळा होतो. गाडी बंद! करायचं असतं उलट. इथे पाय दोन सेकंद जिथल्या तिथे धरायचा, चाकं फिरू लागली की मग सावकाश सोडायचा.

प्रत्येक गाडीत हा टप्पा वेगळ्या उंचीवर असतो. क्लासच्या गाडीचा क्लच झिजलेला असेल, तर पकड पार वर येते. घरच्या गाडीत ती खालीच मिळते. पायाला जुन्या जागेची सवय, म्हणून नवी गाडी बंद पडते. दोष ना आपला, ना गाडीचा.

यावर एक साधा सराव आहे. रिकामं, सपाट मैदान गाठायचं. पहिला गिअर टाकायचा आणि ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. नुसत्या क्लचवर गाडी सरकवायची, थांबवायची, पुन्हा सरकवायची. सलग वीस-पंचवीस वेळा. टाच जमिनीला टेकलेली हवी आणि सीट इतकी पुढे हवी, की क्लच तळापर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहील. करपल्यासारखा वास आला तर क्लच जास्त वेळ अर्धवट धरला गेला असं समजावं आणि थोडं थांबावं.

चढावरचं गणितही यातूनच सुटतं. हँडब्रेक ओढलेला ठेवायचा, क्लच त्या टप्प्यावर आणायचा, थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा, गाडी पुढे ओढ घेऊ लागली की हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे जात नाही. हिल होल्डची सोय असलेल्या गाड्या ब्रेक काही क्षण स्वतःच धरून ठेवतात, पण हँडब्रेकची सवय असलेली बरी. कुणाची गाडी कधी चालवावी लागेल सांगता येत नाही.

सिग्नलला गाडी बंद पडली आणि मागून हॉर्न सुरू झाले, तर?

नव्या ड्रायव्हरला खरी धास्ती अपघातापेक्षा या प्रसंगाची असते. सगळे आपल्याकडे बघतायत, मागचा शिव्या घालतोय असं वाटू लागतं.

घाई झाली की नव्याने शिकलेल्या गोष्टी आधी विसरतात, कारण त्या अजून अंगवळणी पडलेल्या नसतात. मुरलेला ड्रायव्हर गिअर बदलतो ते त्याला कळतही नाही. नवख्याला मात्र क्लच, गिअर, आरसा, इंडिकेटर, समोरची दुचाकी या प्रत्येकाचा वेगळा विचार करावा लागतो. एका वेळी इतकं डोक्यात मावत नाही. त्यात हॉर्नची भर पडते आणि हात थबकतात.

अशा वेळी विचार करून काही सुचत नाही, पाठ केलेला क्रमच कामी येतो. ब्रेक दाबा. हँडब्रेक ओढा. क्लच दाबून न्यूट्रल करा. इंजिन सुरू करा. पहिला गिअर टाका, आरशात बघा, निघा. मैदानात मुद्दाम गाडी बंद पाडून हा क्रम पंधरा-वीस वेळा केला, की तो जेमतेम दहा सेकंदांचा खेळ उरतो. तेवढ्यात सिग्नल पुन्हा लाल झाला तर होऊ द्यावा. आपल्याकडे लोक सिग्नल हिरवा व्हायच्या आधीपासून हॉर्न वाजवतात, तो दरवेळी आपल्यासाठी नसतो.

शेजारी बसलेला माणूस

नवरा बायकोला, बाप मुलीला किंवा मुलगा आईला गाडी शिकवतो तेव्हा गाडीपेक्षा आवाज लवकर चढतात. वीस वर्षं चालवणाऱ्याला आपण काय करतो ते शब्दांत सांगता येत नाही, म्हणून तो ऐनवेळी "अगं, अगं, थांब!" एवढंच ओरडतो. ब्रेक मारायचा, वळवायचं की नुसता वेग कमी करायचा, काहीच कळत नाही.

शेजारच्याने आधी जागा सांगावी, मग कृती. "पुढच्या मेडिकलच्या दुकानापाशी डावीकडे घ्यायचंय, आतापासून वेग कमी कर." तोंडातून निघालेलं वाक्य पायापर्यंत पोचायला वेळ लागतो. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. चुकीची चर्चा गाडी बाजूला उभी केल्यावर करावी, चालत्या गाडीत नाही.

कायद्याची बाजूही आहे. लर्निंग लायसन्सवर एकट्याने गाडी चालवता येत नाही. शेजारी लायसन्सधारक हवा आणि गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला हवा. म्हणजे हँडब्रेक त्याच्या हाताशी हवा, मागच्या सीटवरून सूचना देऊन चालणार नाही. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लागतो. नियमात पाटी १८ सेंटीमीटरची चौकोनी आणि अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच असं मापही दिलंय. विम्याच्या पॉलिसीतही चालकाच्या अटीत याच नियमाचा उल्लेख असतो. त्यामुळे अट मोडून चालवताना ठोकली, तर नुकसानभरपाई अडू शकते. 'एल' लावायला लाज वाटते म्हणून तो काढून ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. शिवाय तो बघून मागचे थोडं अंतर राखतात, हा फायदा वेगळाच.

सुरुवात डाव्या वळणांनी

आपल्याकडे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे डावीकडे वळणं सोपं, तर उजवीकडे वळताना समोरून येणारी वाहनं ओलांडावी लागतात. पहिल्या काही दिवसांसाठी घराभोवतीचा असा फेरा निवडावा, ज्यात फक्त डावी वळणं येतील. रविवारी सकाळी साडेसहाला तोच फेरा दहा वेळा मारावा. कंटाळा आला तर उत्तम, कंटाळा आला म्हणजे भीती ओसरली.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तोच रस्ता, पण सकाळी नऊ वाजता. मग त्यात एक उजवं वळण. मग रात्री. मग पावसात, काचेवर वाफ धरली तर एसी कसा लावायचा हे उभ्या गाडीत बघून घेतल्यावर. "आज एकदम हायवेला काढू, भीती मोडेल" असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. क्वचित कुणाची मोडतेही, बहुतेकांची घट्ट बसते. आणि टाळत राहिलं तर ती वाढते, कारण प्रत्येक टाळलेल्या फेरीनंतर सुटल्यासारखं वाटतं आणि मनाला त्या सुटकेचीच सवय लागते.

दुसरी मोठी अडचण डाव्या बाजूच्या अंदाजाची. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे डावं चाक कुठून चाललंय ते दिसत नाही. मैदानात प्लॅस्टिकची रिकामी बाटली ठेवून ती डाव्या पुढच्या चाकाखाली चिरडायचा प्रयत्न करावा. पहिल्या काही वेळा चाक हातभर लांबून जाईल. मग बाटली काचेच्या खालच्या कडेला कुठे दिसत होती ती खूण लक्षात येते. ती प्रत्येकाच्या उंचीनुसार आणि सीटनुसार वेगळी असते, म्हणून दुसऱ्याची खूण उपयोगाची नाही.

एखाद्या अपघातानंतर स्टिअरिंगला हात लावताच छातीत धडधडत असेल, घाम फुटत असेल, तर ही गोष्ट सरावापलीकडची आहे. अशा भीतीवर समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ उपचार करतात, ते घ्यावेत.

मग सरळ ऑटोमॅटिकच घ्यावी का?

क्लचनेच जीव खाल्ला असेल, तर जरूर. त्यात कमीपणा काही नाही. भारतात हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स दोन्हीला चालतं, ब्रिटनसारखी ऑटोमॅटिकची वेगळी अट इथे नाही. फक्त डावा पाय पूर्ण मोकळा ठेवायचा, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने. डाव्या पायाला क्लच तळापर्यंत दाबायची सवय असते. तो ब्रेकवर गेला तर गाडी रस्त्याच्या मध्येच गचकन थांबते.

चाचणी आणि कपाटातलं लायसन्स

लर्निंग लायसन्स ६ महिने चालतं आणि ते मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्ससाठी चाचणी देता येते. तिसाव्या दिवशीच गेलं पाहिजे असं नाही. घाबरणाऱ्याने हे ६ महिने पुरेपूर वापरावेत. चाचणीत नापास झालं तर ७ दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालं तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं. वय ४० च्या पुढे असेल, तर अर्जासोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

आणि ज्यांचं लायसन्स वर्षानुवर्षं कपाटात पडून आहे, त्यांचं काय? त्यांना पुन्हा पहिल्यापासून क्लास लावायची गरज नसते. घरच्या गाडीवर शिकवायला येणारा ट्रेनर चार-सहा दिवसांसाठी मिळाला, तर तेवढं बहुतेकांना पुरतं. तिथे दुहेरी पेडल नसतात, म्हणजे क्लच आपल्यालाच दाबावा लागतो. त्याआधी लायसन्सवरची तारीख बघून घ्यावी. मुदत संपल्यावर ते वापरता येत नाही. मुदत संपून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर नूतनीकरण होतं, वर्ष उलटलं की चाचणी पुन्हा द्यावी लागते.