ओल्या तोंडाचं माप

जुन्नर-आंबेगावच्या कितीतरी घरांत फळीवर एक डबी असते. आजीची कवळी तोंडापेक्षा त्या डबीतच जास्त राहते. "टोचते गं, हलते," म्हणत आजी भाकरी कालवणात कुस्करून खाते. आपण म्हणतो, वयच झालं. पण चोळी बसली नाही तर आपण शिंप्याला विचारतो ना, माप कसं घेतलंस म्हणून? आज आम्ही कवळीच्या मापाची गोष्ट सांगणार आहोत. हे माप अवघड, कारण तोंड सदा ओलं.

बर्लिनच्या फिलिप फाफ या दंतवैद्यानं १७५६ साली मऊ मेणात माप घ्यायची रीत लिहून ठेवली. पण मेण तोंडातून काढताना वाकायचं. १८४०च्या दशकात प्लास्टर ऑफ पॅरिस आलं, ज्याच्या गणपतीच्या मूर्ती करतात तेच. ते लाळ शोषून घेई, ठसाही बारीक उठे. पण तोंडातच दगडासारखं घट्ट व्हायचं, मग तुकडे करून काढायचं आणि बाहेर जुळवायचं. सोसणाऱ्याचे काय हाल होत असतील!

१९२०च्या दशकात दंतवैद्यांना अगार सापडलं. जेलीसाठी दुकानात मिळतं ते चायना ग्रास हेच, समुद्राच्या शेवाळापासून केलेलं. गरम केलं की पातळ, निवलं की घट्ट आणि लवचिक. त्यात पाणीच जास्त, म्हणून ओल्या तोंडाशी त्याचं जमलं. पण ते यायचं मुख्यतः जपानहून. दुसऱ्या महायुद्धात ती वाट बंद झाली, तेव्हा दुसऱ्या शेवाळापासून केलेलं अल्जिनेट पुढे आलं. आजही दवाखान्यात रबराच्या वाटीत पाण्यात कालवतात, ती भुकटी बहुधा हीच.

अल्जिनेट स्वस्त आहे, तोंडातली ओल बऱ्यापैकी सोसतं. त्याची खोड निराळी. उघडं ठेवलं की पाणी सोडून आक्रसतं, पाण्यात ठेवलं की फुगतं. म्हणून ठसा निघाला की थोड्याच वेळात त्यात प्लास्टर ओतून साचा करावा लागतो. तोवर ठसा ओल्या फडक्यात जपायचा.

पुढे सिलिकॉन आलं. ते फारसं आक्रसत नाही, पण पाण्याशी त्याचं वाकडं. अळूच्या पानावरून थेंब ओघळतो तसंच. लाळ राहिली की ठशात खळगे पडतात, म्हणून आधी कापसानं जागा कोरडी करतात. १९६५च्या सुमारास जर्मनीत निघालेलं पॉलिईथर ओलाव्याला जास्त मिळतंजुळतं. आता कॅमेऱ्यानंही माप घेतात, पण लाळेचा थर त्यालाही चकवतो.

भारतात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात दंतवैद्यकाचं कॉलेज काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झालं. आपल्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्यांना मात्र अजूनही हे लांबच. भीमाशंकर किंवा नाणेघाटाकडच्या बाईला दुसरी खेप म्हणजे आणखी एक रोज बुडणं. म्हणून पहिल्याच खेपेला विचारायला लाजू नका.

"डॉक्टर, साचा इथंच लगेच ओतणार ना?" असं विचारा. माप घेताना नाकानं श्वास घ्या, हलू नका. ठसा फाटलेला दिसला तर पुन्हा घ्यायला सांगा. हिरड्या सुजल्या असतील, मिश्रीनं सोलल्या असतील, तर ते आधी सांगा. सुजलेल्या हिरडीचं माप सूज उतरल्यावर चुकतंच. जुनी कवळी सैल झाली तर दर वेळी दोष मापाचाच असतो असं नाही, वयानं हिरडीखालचं हाडही झिजतं. तेव्हा डबीत टाकू नका, दाखवून आतून भरून घ्या.

आणि कवळी रात्री साध्या पाण्यात ठेवा, ती वाळली की वाकते. तोंडात तिला धरून ठेवतो तोही लाळेचा पातळ थरच. ज्या ओलाव्यानं माप घेणाऱ्यांना इतकी वर्षं छळलं, तोच आजीची भाकरी चावून देतो.