फरस आणि फिरासत

अरबीत फरस म्हणजे घोडा, फारिस म्हणजे घोडेस्वार आणि फिरासत म्हणजे बाहेरचं रूप पाहून आतलं ओळखणारी नजर. तिन्ही शब्दांची अक्षरं तीच : फे, रे, सीन. उर्दूच्या तासाला फळ्यावर हे एकाखाली एक लिहिलं की मुलांना गंमत वाटते. मग मी त्यांना मराठीतले लगाम, रिकीब, चाबूक, खोगीर, साईस, बारगीर हे शब्द विचारते. सगळे फारसी-अरबीतून आलेले. 'पारख' हा शब्द मात्र इथलाच, संस्कृत परीक्षेतून उतरलेला. घोडा समुद्रातून आला आणि त्याला पारखणारी नजर दोन्हीकडची मिसळून तयार झाली, असं मला वाटतं.

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर घोडा तसा पाहुणाच. इथे पारख करायची ती माशाची, होडीच्या लाकडाची आणि नारळी पौर्णिमेला लढवायच्या नारळाची. बंदरावर नारळ लढवणारे लोक नारळ हातात फिरवून, टिचकी मारून, टोक निरखून निवडतात, आणि तरी पहिल्याच टकरीत तो फुटतो. पण समुद्रात जरा पलीकडे पाहिलं, तर होर्मुझहून गोव्याला जाणारी घोड्यांची गलबतं याच किनाऱ्यासमोरून जात होती. मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहून ठेवलंय की, तिथल्या राजाचा चाच्यांशी करार होता. लुटीतलं बाकी सगळं चाच्यांचं, घोडे तेवढे राजाचे. सोनं सोडून घोडा मागणारा राजा वेडा नव्हता. दख्खनच्या हवेत उत्तम घोडा पैदा होणं कठीण आणि लढाई तर घोड्यावरच जिंकायची.

फर्नांव नुनिझ हा पोर्तुगीज स्वतः घोड्यांचा व्यापारी. १५३५ च्या सुमारास तो विजयनगरला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कृष्णदेवराय वर्षाला तेरा हजार होर्मुझी घोडे घ्यायचा. त्यातले उत्तम स्वतःच्या पागेत ठेवायचा, बाकीचे सरदारांना द्यायचा. आकडा व्यापाऱ्याचा आहे, थोडा फुगवलेलाही असेल. पण साळुव नरसिंहाबद्दल त्याने जे लिहिलंय ते मला जास्त बोलकं वाटतं. हा राजा घोडे जिवंत असोत की मेलेले, विकत घ्यायचा. वाटेत समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपूट आणून दाखवली तरी पूर्ण पैसे मिळायचे. म्हणजे पारख पुढची गोष्ट. आधी व्यापाऱ्याने घोडा गलबतावर चढवायला तयार व्हायला हवं.

किनाऱ्याला लागलेला घोडा ओळखायचा कसा? इथे दोन विद्या शेजारी शेजारी नांदत होत्या. एक शालिहोत्राच्या नावाने चालणारं अश्वशास्त्र, दुसरी फारसी फरसनाम्यांची. उर्दूतला प्रसिद्ध फरसनामा सआदत यार खाँ 'रंगीन' याचा. हा तोच रंगीन, ज्याचं नाव रेख्तीशी जोडलेलं आहे. बायकांच्या बोलीतली त्याची ती कविता वर्गात शिकवायची म्हणजे माझी पंचाईतच. पण माणूस शिपाईगडी आणि घोड्यांचा जाणकार होता. लेफ्टनंट कर्नल फिलॉट या इंग्रज अधिकाऱ्याने १९११ मध्ये त्याच्या फरसनाम्याचं इंग्रजी भाषांतर छापलं, ते काही गमतीखातर नव्हे. इंग्रज फौजेलाही घोडे याच बाजारांतून घ्यावे लागत.

रंगीनच्या पुस्तकात शहाणपण आणि शकुन एकाच दावणीला बांधलेले आहेत. दातांवरून वय, चालीवरून पायाचा दोष, रोग आणि त्यांची औषधं हे एकीकडे. दुसरीकडे अंगावरच्या केसांचे भोवरे, कुठला शुभ आणि कुठला घर बुडवणारा. चारही पाय आणि तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी. मागचा एकच पाय पांढरा असेल तर अर्जल, म्हणजे अपशकुनी. गळ्याखाली देवमण असेल तर बाकीचे दोष माफ. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे आजही देवमण आणि पंचकल्याणी हे शब्द किंमत चढवतात. धर्माच्या गाईचे दात कुणी मोजत नसेल, पण विकतच्या घोड्याचे मोजावेच लागतात. आणि दात मोजून झाल्यावरही बोली अडते ती भोवऱ्यापाशी.

याला नुसती अंधश्रद्धा म्हणून हसायला मी तयार नाही. भोवरा जन्मभर बदलत नाही. म्हणून तर आजच्या शर्यतीच्या घोड्यांच्या ओळखपत्रातही भोवऱ्यांच्या जागा नोंदवतात, घोड्याची अदलाबदल पकडता यावी म्हणून. जुन्या लोकांनी निरीक्षण अचूक केलं, त्यावरून काढलेला अर्थ तेवढा चुकला. भोवरा घोडा कोण आहे ते सांगतो, तो किती पळेल ते सांगत नाही.

किती पळेल, हा प्रश्न अरबस्तानात वेगळ्या वाटेने सुटत होता. बुखारीत इब्ने उमर यांची रिवायत आहे. प्रेषितांनी (स.) मदिनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या, त्या दोन गटांत. ज्या घोड्यांची 'तज़मीर' झाली होती, म्हणजे आधी भरपूर चारून, मग खुराक कमी करून, झुली पांघरून, घाम काढून ज्यांना कसलेलं होतं, त्यांना हफ्या ते सनियतुल विदा, पाच-सहा मैल. न कसलेल्या घोड्यांना तिथून बनू ज़ुरैकच्या मशिदीपर्यंत, सुमारे एक मैल. खुद्द इब्ने उमर त्यात धावले होते. साध्या वाटणाऱ्या या व्यवस्थेत मोठी समज आहे. विषमांची शर्यत ही शर्यतच नव्हे.

पुढे बक्षिसाचा प्रश्न आला. दोघांनी पैसे लावले आणि जिंकणाऱ्याने दोघांचे उचलले तर तो जुगार. मग फकिहांनी अबू दाऊदमधल्या एका हदीसच्या आधारे 'मुहल्लिल'चा नियम मांडला. तिसरा घोडा आणा, ज्याच्या मालकाने काहीच लावलेलं नाही. तो जिंकला तर सगळं त्याचं, हरला तर त्याचं काही जात नाही. पण एक अट. हा तिसरा घोडा हरणारच अशी खात्री असेल, तर पुन्हा जुगारच. नुसती खोगीरभरती चालणार नाही. म्हणजे शर्यत हलाल की हराम हे ठरवायला आधी कुणीतरी मान्य करायला हवं की हा तिसरा खरा दावेदार आहे. घोड्याची पारख कायद्याचा भाग झाली! इब्ने कय्यिम यांना हा नियमच मान्य नव्हता. त्यांनी 'अल-फ़ुरूसिया'त त्याविरुद्ध लिहिलं आणि दमास्कसच्या काझींशी त्यांचा वाद झाला. मला व्यक्तिशः मुहल्लिलचा नियम आवडतो. अनिश्चितता ढोंगी नसावी, एवढं तरी तो मागतो.

अरबांनी तर शर्यतीत येणाऱ्या दहा घोड्यांना क्रमाने दहा नावं दिली होती. पहिला मुजल्ली, दुसरा मुसल्ली, शेवटचा सुकैत. दुसऱ्याला मुसल्ली म्हणायचं कारण त्याचं डोकं पहिल्याच्या पुठ्ठ्याला भिडलेलं असतं. नमाजीलाही आपण मुसल्लीच म्हणतो, त्यामुळे मुलं हे कधी विसरत नाहीत.

हफ्याच्या मैदानावर गट पाडून जे साधलं, ते इंग्रजांनी वजनाने साधायचा प्रयत्न केला. अॅडमिरल हेन्री रूस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वयानुसार घोड्याने किती वजन वाहावं याचा तक्ता बसवला. हँडिकॅप म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त शिसं आणि कमकुवताच्या पाठीवर कमी. उद्देश असा की सगळे एका रेषेत पोहोचावेत. हँडिकॅप ठरवणारा पारख करतो ती फरक पुसण्यासाठी, आणि पैसे लावणारा शोधत असतो ती त्या माणसाची चूक. घोडा राहतो बाजूलाच.

मुंबईत भायखळ्यानंतर १८८३ मध्ये महालक्ष्मीचं मैदान झालं. १९४३ मध्ये तिथे पहिली इंडियन डर्बी झाली आणि ती जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने. मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंह गायकवाड. याच महाराजांनी १९४५ मध्ये इंग्लंडच्या लिलावात एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना घेतलं. ते त्या वेळी एकही शर्यत धावलेलं नव्हतं. मग एवढी किंमत कशाची? त्याच्या सख्ख्या भावाची. दान्ते नावाच्या त्या भावाने त्याच वर्षी डर्बी जिंकली होती. महाराजांनी शिंगराला आपल्या आजोबांचं नाव दिलं : सयाजीराव. इंग्लंडच्या डर्बीत तो तिसरा आला, पण १९४७ चं सेंट लेजर त्याने जिंकलं. भोवऱ्याच्या जागी आता वंशावळ आली होती. अर्थात अरबांना ती नवी नव्हती. इब्नुल कल्बीने घोड्यांच्या वंशावळींचं पुस्तक बाराशे वर्षांपूर्वीच लिहिलं होतं.

आपल्याकडच्या टर्फ क्लबांच्या शर्यती सपाटीच्या. इंग्लंड-आयर्लंडात मात्र कुंपणांवरून उड्या मारत धावण्याच्या शर्यती फार लोकप्रिय, आणि तिथे पारख करणाऱ्याची खरी फजिती होते. वंशावळ, वजन, मागच्या धावा, ओली-कोरडी जमीन, सगळं बरोबर मांडलं तरी घोडा तीस अडथळे ओलांडून उभा राहायला हवा. १९२८ च्या ग्रँड नॅशनलमध्ये ४२ घोडे सुटले, पोहोचले दोन. जिंकला टिपररी टिम, ज्याचा भाव शंभरास एक होता. १९५६ मध्ये राजमातेचा डेव्हन लॉक जिंकण्यापासून पन्नासेक यार्डांवर असताना, समोर अडथळा नसताना, पोटावर बसला. १९६७ मध्ये एका लहानशा कुंपणापाशी सगळे घोडे एकमेकांत अडकले आणि इतका मागे असलेला फॉइनाव्हन, की त्याला त्या गर्दीतून वाट काढता आली, तो जिंकला. तोही शंभरास एक. सपाटीच्या शर्यतीतसुद्धा लोकांचा लाडका घोडा साधारण तीनातून एकदाच जिंकतो.

हे सगळं १९९६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य. न्यायालय म्हणालं, घोड्यांची शर्यत कौशल्यावर चालते. घोड्याची जात, तालीम, जॉकी, मागची कामगिरी यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, म्हणून त्यावर पैसे लावणं जुगार नव्हे. निकाल वाचताना मला मुहल्लिलचा नियम आठवत होता. न्यायालयाने विचारलं : अंदाज बांधता येतो का? फकिहांनी विचारलं : पैसे कोण लावतो, आणि कुणाचे जातात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असलं तरी दुसरा तसाच उरतो. फिरासत असलेला माणूसही दुसऱ्याच्याच खिशातून जिंकतो. टोटच्या खिडकीत तर आयोजकाचा आणि सरकारचा वाटा आधीच कापलेला असतो.

या निकालाचा धागा पुढे कुठे गेला हे पाहिलं म्हणजे तो जुन्या कागदासारखा वाचता येत नाही. २०१७ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने लक्ष्मणन निकालाचा आधार घेत फँटसी क्रिकेटला कौशल्याचा खेळ ठरवलं. त्यानंतर 'कौशल्य' हा शब्द जाहिरातींतून थेट आमच्या दहावीच्या मुलांच्या फोनवर आला. "मॅडम, कोर्टाने सांगितलंय ना स्किल आहे म्हणून?" हा प्रश्न मला एका नाही, चार मुलांनी विचारलाय. त्यातला एक मासेमारीच्या हंगामात बापाबरोबर समुद्रावर जातो आणि त्याचे कमावलेले पैसे कुठे गेले हे त्याच्या आईला अजून माहीत नाही. त्याला मी हफ्याच्या शर्यतीपासून सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, त्या तिसऱ्या घोड्याचा मालक काहीच लावत नव्हता, तर त्याला खेळायला कोण बोलवायचं? मी म्हटलं, बाकीचे दोघे. २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा त्याच्या खात्यात तीनशे रुपये अडकले होते. ते परत मिळाले की नाही, हे त्याने मला सांगितलेलं नाही.