थांबणारें यंत्र आणि मागें पडलेलें मूल

सयाजीराव महाराज गायकवाड यांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ सालीं तोच नियम सर्व बडोदें संस्थानास लागू केला. गरिबाच्या मुलास त्यामुळें शाळेचें दार उघडलें. परंतु दारांतून आंत आलेल्या मुलास विद्या येईलच, अशी हमी कोणताहि कायदा देऊं शकत नाहीं. एक शिक्षक, पन्नास मुलें आणि सर्वांना एकच पुस्तक, अशा वर्गांत ज्याला वजाबाकींतील हातचा उमगला नाहीं, तो भागाकाराच्या तासाला नुसता बसून राहतो. घरीं शिकविणारें कोणी नसलें म्हणजे तो दरवर्षी थोडा थोडा मागें पडतो आणि अखेरीस शाळेंतून नाहींसा होतो. अशा मुलाच्या मदतीस यंत्र द्यावें, ही कल्पना मात्र वाटते तितकी नवी नाहीं. तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

अमेरिकेंतील ओहायो राज्य विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ सिडने प्रेसी यांनीं १९२४ सालीं एक लहानसें यंत्र विद्वानांच्या सभेंत दाखविलें. त्याच्या खिडकींत प्रश्न दिसे व उत्तरासाठीं चार कळा असत. उत्तर चुकलें तर प्रश्न जागचा हालत नसे. बरोबर कळ दाबल्यावरच पुढचा येई. घोकंपट्टी आणि तपासणी यांचें ओझें शिक्षकाच्या खांद्यावरून उतरावें व त्यानें खऱ्या शिकविण्याकडे वळावें, हा प्रेसी यांचा हेतु होता. परंतु शाळांनीं यंत्र उचलून धरलें नाहीं, आणि १९३२ सालीं मंदीच्या दिवसांत त्यांनीं हें काम सोडून दिलें.

पुढें १९५३ सालीं हार्वर्डचे प्राध्यापक बी. एफ्. स्किनर हे पालक या नात्यानें आपल्या मुलीचा गणिताचा तास पाहावयास गेले. दोन गोष्टी त्यांना खटकल्या. आपलें उत्तर चूक कीं बरोबर, हें मुलांना तत्काळ कळत नव्हतें. आणि हुशार व मंद अशीं सर्व मुलें एकाच चालीनें हांकलीं जात होतीं. १९५४ सालीं स्किनर यांनीं आपलें यंत्र लोकांपुढें मांडलें. विषयाच्या अगदीं बारीक पायऱ्या पाडावयाच्या आणि प्रत्येकानें आपापल्या गतीनें चढावयाचें, ही त्यांची रीत. तरीहि जिना सर्वांना एकच होता. कोणी जलद चढे, कोणी सावकाश, एवढाच भेद.

कोणत्या मुलानें कोणत्या पायरीवरून आरंभ करावा, हें ठरविण्यास संगणक यावा लागला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पॅट्रिक सपीझ यांनीं गणिताच्या सरावाचे कठिणपणाच्या पांच श्रेणींचे धडे रचले. आधीं चांचणी घेऊन श्रेणी ठरे. शेंकडा ८० उत्तरें बरोबर आलीं तर मूल वर चढे, ६० हून कमी आलीं तर खालीं येई. १९६७-६८ मध्यें दीड हजार मैलांहून अधिक अंतरावरील मिसिसिपी राज्यांतील मॅककोम गांवच्या शाळा दूरध्वनीच्या तारांनीं या संगणकास जोडल्या होत्या. त्या गरीब प्रदेशांतील मुलांना झालेला लाभ कॅलिफोर्नियांतील मुलांहून मोठा ठरला. ज्यांच्याजवळ दुसरा आधार नव्हता, त्यांनाच या आधाराचें मोल अधिक होतें.

हा इतिहास फिरून बडोद्यासच येऊन पोंचतो. २००० सालीं गुजरात सरकारनें तेथील नगरपालिकेच्या बहुतेक प्राथमिक शाळांना प्रत्येकीं चार संगणक दिले. २००२ च्या जूनमध्यें पाहणी झाली, तेव्हां त्यांतील बहुतेक खोक्यांतच बंद होते, कारण चालविणारा कोणी नव्हता. मग मुंबईंत स्थापन झालेल्या 'प्रथम' या संस्थेनें माणसें शिकवून तयार केलीं. चौथींतील मुलें आठवड्यांतून दोन तास, एका संगणकापुढें दोघें अशीं बसूं लागलीं. गणिताच्या खेळांतील प्रश्न मुलाच्या उत्तरांप्रमाणें सोपे वा कठिण होत. दोन्ही वर्षीं गणितांतील प्रगति स्पष्ट दिसली. परंतु उपक्रम संपल्यावर वर्षभरांतच त्या लाभाचा मोठा भाग ओसरला.

२०१५ सालीं दिल्लींतील गरीब वस्त्यांत अशीच परीक्षा झाली. सहावींतील मुलें गणितांत सरासरीनें अडीच इयत्ता मागें असल्याचें तेथें आढळलें. केंद्रांत ४५ मिनिटें संगणकावर व तितकाच वेळ लहान गटांत शिक्षकाजवळ, असा क्रम होता. साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत मुलें पुढें गेलीं. जीं अतिशय कच्चीं मुलें केंद्राबाहेर, केवळ शाळेवर अवलंबून राहिलीं, त्यांची प्रगति जवळजवळ शून्य होती.

या साऱ्या इतिहासांत यंत्रानें विद्वत्ता फारशी दाखविली नाहीं. त्यानें दोनच गोष्टी केल्या: मूल कोठें अडलें तें शोधलें, आणि तेथें न चिडतां थांबलें. पन्नास मुलांच्या शिक्षकास इच्छा असूनहि हें साधत नाहीं. उलट, खोकें उघडणारा माणूस नसला तर यंत्र निरुपयोगी, आणि उपक्रम मध्येंच सोडला तर मिळविलेलेंहि निसटतें. मुलास शाळेंत आणण्याची सक्ती १९०६ सालीं मुलाच्या पालकांवर झाली होती. शाळेंत आलेल्या मुलासाठीं थांबण्याची सक्ती आतां शाळेनें आपणांवर करून घ्यावयाची आहे, आणि ती एका वर्षापुरती असून भागणार नाहीं.